उन्हाळ्यात आईचे पाय का जातात

मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या वर गेला की म्हातारी माणसं घरात कोंडली जातात. अंबाझरीचं फिरणं बंद, देवळात जाणं बंद, दिवसभर कूलरसमोर पडून राहायचं. पाऊस सुरू झाला की मग घरोघरी ऐकू येतं, ‘यंदा आईचे पाय फारच गेले बाप्पा.’ सगळे वयाला बोल लावतात. मला वाटतं, निम्मा दोष त्या पलंगाचा आहे.

२००७ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास आहे. साठी ओलांडलेल्या, धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावरच ठेवलं होतं. ती आजारी नव्हती, जेवण व्यवस्थित चालू होतं. तरी तेवढ्यात त्यांच्या पायांतले स्नायू जवळपास एक किलोने घटले. आपल्याकडे तर उन्हाळा तीन महिने चालतो.

माझी आई ८७ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यानंतर तिला खुर्चीतून उठताना दोन्ही हात लागायला लागले. आधी बूड पुढे सरकवायचं, मग तळहात गुडघ्यांवर रोवायचे, एक हुंकार, आणि तरी अर्ध्यातून परत खाली. छातीवर हातांची घडी घालून पाच वेळा उठ-बस करायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायू कमजोर झाल्याची शंका घ्यावी, असा आशियाई तज्ज्ञांचा निकष आहे. आईला हात सोडून एकदाही उठता येईना.

पुण्याहून धाकट्या भावाने लगेच ॲमिनो ॲसिडच्या, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांच्या, पावडरचा डबा पाठवला. ‘ताई, रोज दोन चमचे दे, ताकद येईल.’ त्याची तळमळ मला कळते, पण नुसत्या डब्याने ताकद येत नाही. १९९४ साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात शंभर जणांवर प्रयोग झाला होता. सरासरी वय आईएवढंच, ८७. काहींना पोषक पेय दिलं, काहींकडून आठवड्यातून तीनदा पायांचा चांगला जड व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली होती. नुसतं पेय घेणारे होते तिथेच राहिले.

म्हणून आधी फिजिओथेरपिस्ट बोलावली, डबा नंतर. तिने आईला जेवणाच्या टेबलाच्या उंच खुर्चीवरून उठ-बस करायला लावली, ओट्याला धरून टाचा उचलायला लावल्या, घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधून पाय सरळ करायला लावले. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं, नाहीतर स्नायूंना वाढायचं कारणच उरत नाही. ‘आता काय पहिलवान बनवून राहिली का मले?’ आई तिला म्हणाली. ‘नाही आजी, संडासातून एकट्यानं उठता आलं पाहिजे,’ ती म्हणाली. आई गप्प बसली आणि पुढचा पाय उचलला. फिरणं हृदयाला, मनाला चांगलंच, पण तेवढ्यावर मांड्या टिकत नाहीत.

मग पावडर अगदी निरुपयोगी आहे का? तसंही नाही. उतारवयात स्नायू प्रथिनांना सहज दाद देत नाहीत. त्यांना चालना देणारं मुख्य ॲमिनो ॲसिड म्हणजे ल्युसिन. ते एका जेवणात अडीच-तीन ग्रॅम मिळावं असं सांगतात, आणि वाटीभर वरणातून जेमतेम अर्धा ग्रॅम मिळतं. टोकियोत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, स्नायू झिजलेल्या बायकांचा एक अभ्यास २०१२ साली आला. व्यायामासोबत ल्युसिन जास्त असलेली ॲमिनो ॲसिडं घेणाऱ्या गटातच पायांची ताकद लक्षणीय वाढली. म्हणजे व्यायामाच्या जोडीला ती कामाची, त्याच्या बदल्यात नाही.

एक मात्र सांगते, बीसीएए लिहिलेला डबा म्हाताऱ्या माणसासाठी आणू नका. शरीराला बाहेरून घ्यावी लागतात अशी ॲमिनो ॲसिडं नऊ, बीसीएएच्या डब्यात त्यातली असतात तीनच. बाकीची सहा नसतील तर स्नायू बांधायचा कशाने? नऊही असलेली पावडर किंवा साधं व्हे प्रोटीन, म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन, बरं.

आई अंड्याला हात लावत नाही, खाणंही चिमणीचं. संध्याकाळी चहा-टोस्ट, रात्री मऊ भात, यात प्रथिनं कुठून येणार? तिचं वजन ४८ किलो. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरले तर रोज पन्नासेक ग्रॅम हवेत. आता सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, दुपारी घट्ट वरण, रात्री पनीर किंवा पिठलं. गोळा भात तिचा आवडता, आणि आपल्या विदर्भातल्या बायकांनी तो फार शहाणपणाने जुळवलाय: भातात हरभऱ्याच्या डाळीचे गोळे. तांदळात लायसिन नावाचं ॲमिनो ॲसिड कमी असतं ते हरभऱ्याची डाळ भरून काढते, डाळीत मेथिओनिन हे दुसरं ॲमिनो ॲसिड कमी असतं ते तांदूळ देतो. वर दातांचीही गरज नाही.

तरी रोज पन्नास ग्रॅम पोटात जात नाहीत. म्हणून व्यायाम झाला की एक चमचा पावडर दुधात. तीही आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून, डॉक्टरांना विचारूनच सुरू केली. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती वाढवायची, वाढवायची की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. डबा मुलाने कितीही प्रेमाने पाठवला असला तरी.