पॅरिस–इंटरलाकेन–व्हेनिस–रोम: मुलं बारा वर्षांच्या पुढची असतील तर

आधी निकाल सांगते. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली असा नेहमीचाच मार्ग असेल, तर युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास) घेऊ नका. एजंट कितीही गोड बोलला तरी नाही.

आम्हाला ठाण्याच्या एजंटने सांगितलं होतं, "एकच पास, कुठलीही गाडी, चढा आणि बसा. शिवाय मुलं फुकट." मुलं फुकट हे खरं आहे, पण अकरा वर्षांपर्यंत. बारा पूर्ण झाली की 'युथ' पास, म्हणजे मोठ्यांच्या भावात थोडी सूट. आमचा मोठा सतरा वर्षांचा, धाकटी चौदाची. दोघांचे पैसे भरून झाल्यावर हे कळलं, तेव्हा निदान गाडीत तरी सुखाने बसू म्हणून गप्प बसलो.

पॅरिसच्या गार द ल्याँ स्टेशनवर सकाळी खिडकीवर गेलो. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बासेलला जाणाऱ्या टीजीव्हीला, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीला, पास असला तरी आरक्षण लागतं, त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात. उन्हाळ्यात त्या कधीच संपलेल्या असतात. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे दोन पर्याय दिले: पूर्ण भाड्याची चार तिकिटं, नाहीतर गार द लेस्त या पॅरिसच्या दुसऱ्या स्टेशनवरून साध्या गाड्यांनी फ्रान्समधल्याच म्युलूझपर्यंत जा, तिथून पुढे बासेल. ऐन दिवशीच्या तिकिटांचा आकडा ऐकून नवऱ्याने पासाची पिशवी नुसती उघडून परत बंद केली.

मग मेट्रो, शात्लेला लाइन बदलून. शात्ले म्हणजे जमिनीखाली चालतच राहायचं, जिने चढायचे, उतरायचे, परत चढायचे. चार मोठ्या बॅगा. एक बॅग फिरत्या दांड्यात अशी अडकली की मागच्या माणसाने न विचारता लाथ घालून सोडवली. त्याचे आभार. तिकीट प्रत्येकी अडीच युरोच्या आसपास, तेही पासात नाही.

पुढचा अख्खा दिवस त्र्वा, शोमों, व्हझूल, बेल्फोर करत गेला. उभं ऊन आणि डब्यात पडदे नाहीत. शोमोंला गाडी एका भल्या उंच दगडी पुलावरून जाते, बघण्यासारखा आहे, पण पोरं तोंडावर टोपी ठेवून झोपलेली. टीजीव्हीने साधारण तीन तासांत बासेल येतं. आम्ही इंटरलाकेनला पोचलो तेव्हा जेवायला काही उघडं नव्हतं. बॅगेतले थेपले आणि शेंगदाण्याची चटणी यावर चौघांनी रात्र काढली. म्हणून सांगते, पहिल्या दोन दिवसांचं खाणं घरून न्याच, कोणी हसलं तर हसू दे.

आणि खरा संताप पुढेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्विस ट्रॅव्हल पास असेल तर सोळा वर्षांखालचं मूल आईवडिलांबरोबर फुकट फिरतं. त्यासाठी फॅमिली कार्ड मिळतं, तेही विनामूल्य, पास घेतानाच मागायचं. म्हणजे धाकटीचा खर्च शून्य झाला असता. एजंटला हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

यातून शिकायचं ते असं. वयाची रेघ प्रत्येक खिडकीवर वेगळी असते. शेंगेन व्हिसाला बारापासून पूर्ण नव्वद युरो. स्विस गाड्यांना सोळा. पॅरिसचं लूव्र म्युझियम आणि रोमचं कोलोसियम यांना अठरा, तिथे अठराखालची मुलं फुकट, भारतीय असली तरी. मुलांचे मूळ पासपोर्ट जवळच ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. पासाऐवजी फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांची तिकिटं विक्री सुरू झाल्या झाल्या सुटी सुटी काढा, आणि मधल्या टप्प्यापुरता स्विस पास. हिशेब करून बघा, आम्ही नंतर केला आणि दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

इंटरलाकेनचे दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. ओस्ट, म्हणजे पूर्वेकडच्या, स्टेशनला लागूनच युथ हॉस्टेल आहे, चौघांची खोली मिळते, नाश्ता त्यात धरलेला. युंगफ्राउयोख (बर्फातलं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन, ३४५४ मीटर) मुलांच्या हट्टापायी केलं. वर सगळं पांढरं, ढगात. सकाळी वेबकॅम बघून स्वच्छ दिसलं तरच तिकीट काढा, नाहीतर लाउटरब्रुनेनहून म्युरेन या डोंगरातल्या गावाला जा. स्विस पासात म्युरेनपर्यंतचा प्रवास येतो आणि पोरांना तिथे जास्त मजा येते. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनमधली तेवढी उघडी.

व्हेनिसमध्ये "हॉटेल स्टेशनपासून दहा मिनिटं" असं लिहिलेलं असेल तर मध्ये पूल किती आहेत ते आधी विचारा. पुलांना पायऱ्या असतात. पाठीवर सॅक घेऊन सिंहगड चढणाऱ्यांना हे काहीच नाही, चाकाची मोठी बॅग ओढणाऱ्यांचे हाल आहेत. वापोरेत्तोचं (तिथली बससारखी चालणारी बोट) एकेरी तिकीट साडेनऊ युरो माणशी, दोन थांबे जायचं असलं तरी तेवढंच. मुलांसाठी रोलिंग व्हेनिस कार्ड विचारा, सहा ते एकोणतीस वयाला चालतं, तीन दिवसांचा पास बराच स्वस्त पडतो. पाण्याअलीकडच्या जमिनीवरच्या मेस्त्रेला राहा, गाडीने दहाएक मिनिटं. शहरात फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना ठरावीक तारखांना प्रवेश शुल्क असतं आणि चौदा पूर्ण झाली की ते मुलांनाही लागतं. मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेतच येतं, त्यामुळे तिथे मुक्काम असेल तर माफी आहे, मात्र ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो.

रोम जुलैत करू नका. करायचंच असेल तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा, दुपारी खोलीत पडून राहा. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, पाणी पिण्याचं आणि चांगलं गार, बाटली विकत घेऊ नका. इटलीत हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून, म्हणजे टेबलावर बसण्याचे, माणशी काही युरो लागलेले दिसतील. मेन्यूवर लिहिलेलं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, लिहिलेलं नसेल तर घाला. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, तीस दिवस आधी विक्रीला येतं आणि उन्हाळ्यात पटकन संपतं. मुलांचं शून्य युरोचं तिकीटही तेव्हाच काढा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट असतं, पण त्या दिवशी पोरांना घेऊन जाऊ नका. रांगेतच अर्धा दिवस जाईल आणि आत गेल्यावर ती फक्त बसायला जागा शोधतील.