स्टाफरूमचं अर्धं उघडं दार

हे लिहायला बसण्याआधी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको." म्हणून इथं कुणाचंच नाव नाही. शाळेतल्या आमच्या मॅडमचंही नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना त्या ओळखू येतीलच.

2014 ची दिवाळी तोंडावर आली होती. मी दहावीत, बहीण नववीत. दिवाळीनंतर आपल्या बीड जिल्ह्यातली गावं कशी होतात ते आमच्या शाळेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ट्रक येतो, भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्यांसकट माणसं चढतात आणि कोल्हापूर, सांगली, नाहीतर पार बेळगावकडच्या उसाच्या फडावर जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मजुरांची मोजणी कोयत्यानं होते: नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही निम्मी. पोरापोरींच्या लग्नाची घाई एक तर इथून सुरू होते. दुसरं कारण याहून मोठं: वयात आलेली पोर सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची? माझ्या आईवडिलांना पोरगी जड झाली नव्हती. त्यांना भीती वाटत होती, एवढंच. हे समजायला मला फार वर्षं लागली.

घरात कुणी काही बोललं नाही. पत्रिका छापायची नव्हती, छापली की बोभाटा. एका संध्याकाळी मायनं पेटीतून नवी चप्पल काढली आणि बहिणीच्या पायाला लावून पाहिली, तेव्हा तिचं लग्न ठरल्याचं माझ्या लक्षात आलं. बहिणीला चार दिवस आधीच कळलं होतं. त्या चार दिवसांत तिनं भूमितीचा सगळा गृहपाठ पूर्ण केला होता. का, ते तिलाही सांगता येत नाही.

मी आधी नात्यातल्या एका मोठ्या माणसाकडे गेलो. ते म्हणाले, "घरातली गोष्ट घरात ठेव. बापापेक्षा तुला जास्त कळतं का?" त्यानंतर दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. आज वाटतं, पोरं गप्प बसतात ती अशा एका वाक्यानं. पहिल्यांदा धीर करून बोलायचं आणि समोरच्यानं तो धीरच मोडायचा.

तिसऱ्या दिवशी वह्या द्यायच्या निमित्तानं स्टाफरूममध्ये गेलो. मॅडम सहामाहीचे पेपर तपासत होत्या. मी वह्या ठेवल्या आणि तिथंच उभा राहिलो. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं, उठून दार ओढून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही, अर्धं उघडं ठेवलं. माठातलं पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बस. घाई नाही." मी सांगितलं ते सगळं त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकलं. "तुझे आईवडील असे कसे" असा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. निघाला असता तर मी तिथंच थांबलो असतो, कारण कसेही असले तरी ते माझे आईवडील होते.

मधल्या सुट्टीत त्यांनी बहिणीला बोलावलं आणि तिला विचारलं, "तुला काय पाहिजे?" आमच्या घरात हा प्रश्न तिला तोवर कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. ती म्हणाली, "मला दहावीला बसायचंय."

मग मॅडम जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं. "ही गोष्ट मी कुणालाच सांगणार नाही, असं खोटं वचन मी देणार नाही. मला सांगावीच लागेल. पण कुणाला, कधी सांगते ते तुम्हा दोघांना आधी कळेल. आणि तुमचं नाव निघणार नाही." त्यांनी आमच्यासमोरच 1098 ला फोन लावला. लेकरांसाठीचा हा फुकट नंबर 1996 साली मुंबईत सुरू झाला होता. मला त्या दिवसापर्यंत तो माहीत नव्हता. दहा, नऊ, आठ, असा उलटा मोजायचा, त्यांनी पाठ करून घेतला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि मॅडम घरी आले. सरांनी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा दिला होता. आमच्या शाळेचं ते जाड, कोपरे झिजलेलं रजिस्टर बघितलं की मला अजूनही गहिवरून येतं. त्यातल्या जन्मतारखेच्या एका ओळीपुढं कुणालाच "पोरगी अठराची आहे" म्हणता आलं नाही. ग्रामसेवकांनी 2006 चा बालविवाह बंदीचा कायदा सांगितला: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड, आणि तो लग्न ठरवणाऱ्याला, लावणाऱ्यालाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, समदं खरं. पण हिला सहा महिने ठेवू कुठं?"

सगळे गप्प झाले. कायद्यात त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर मॅडमनी काढलं. आमच्यासारख्याच आणखी तीन घरांत त्या स्वतः गेल्या. चार मुली आमच्या आजीजवळ झोपतील, चार घरांनी दाणे द्यायचे, संध्याकाळी शाळेत अभ्यास, आणि रोज रात्री आठला मॅडम एक चक्कर मारतील. अण्णांनी हमीपत्रावर अंगठा दिला आणि ते फडावर गेले. तो सगळा हंगाम ते फोनवर माझ्याशी बोलले नाहीत. नाव कुणी सांगितलं नव्हतं, तरी बापाला कळतंच. मला वाटायचं, मी घर फोडलं. मॅडम म्हणायच्या, "तू चुगली नाही केलीस, मदत मागितलीस." ते पटायला वेळ लागला, पण त्यांनी ते कंटाळा न करता पुन्हा पुन्हा सांगितलं.

बहीण दहावीला बसली, बारावी झाली, आज ती नर्स आहे. मी ग्रामसेवक झालो. कायद्यानं गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मीच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, तेव्हा काम किती उरलंय ते कळतंच. शाळाशाळांत जाऊन मी 1098 सांगतो, मन फार खचलं तर 14416 सांगतो. लग्न लागून गेलं असलं तरी वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी मुलीला ते कोर्टातून रद्द करून घेता येतं, हेही सांगतो, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. बोलणं संपलं की लगेच गाडीला किक मारत नाही. पटांगणात उगाच रेंगाळतो. ज्याला खरं काही सांगायचं असतं ते पोर सगळे गेल्यावरच जवळ येतं.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास रात्री उशिरा अण्णांचा फोन आला. आता ते फडावर जात नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "खालच्या वस्तीवर मांडव पडलाय. पोरगी आठवीत हाय. तुमच्या माणसांना सांग." मग थोडं थांबून, "माझं नाव नको निघू देऊस."