एमसीबी नेमकी कधी पडते, ते आधी बघा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या भाड्याच्या शेडमध्ये मी जुनी हेवी ड्यूटी लेथ, म्हणजे धातूचा भाग फिरवून कापणारी मशीन, बसवली. मशीन उत्तम होती. बेड सरळ, हेडस्टॉकमध्ये आवाज नाही. पण साडेसात एचपीची मोटार चालू करायला गेलं की एमसीबी (जादा करंट आला की आपोआप लाईन तोडणारा स्विच) पडायची. तीही दर वेळी नाही. कधी सकाळी नीट चालू व्हायची, दुपारी मात्र उचलेल तितक्या वेळा पडत राहायची. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेली कास्टिंग (ओतीव भाग) दारात पडून, लेथ चालवणारा टर्नर हातावर हात ठेवून बसलेला.

सल्ले भरपूर मिळाले. सगळ्यात जास्त मिळालेला म्हणजे "बत्तीस ॲम्पिअरची टाका, विषय संपला." विषय तिथे संपत नाही, उलट तिथूनच धोका सुरू होतो. एमसीबी आधी वायरला वाचवण्यासाठी असते. माझी लाईन अडीच स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची, तिला वीसची एमसीबी बरोबर होती. बत्तीसची लावली तर वायर तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. म्हणून ते मी करूच दिलं नाही.

गल्लीतले मोटार वायंडिंगवाले काका आले. त्यांनी पाना-स्क्रू ड्रायव्हर काढलाच नाही, आधी विचारलं, "मालक, पडतीया कवा? बटन दाबल्या-दाबल्या, का मागनं?"

मग आम्ही नीट कान देऊन ऐकलं. स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटार आधी स्टार जोडणीत कमी करंटवर चालू करून, टायमरवर ठरवलेल्या वेळाने डेल्टा जोडणीत पूर्ण ताकदीवर नेणारा. हिरवं बटण दाबलं की काँटॅक्टरचा (स्टार्टरमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा) पहिला 'ठक', मोटार जड आवाजात फिरायला लागते, आणि दुसऱ्या 'ठक'ला, म्हणजे डेल्टावर जाताना, एमसीबी खाली. सुरुवातीला कधीच नाही.

मोटारीच्या नेमप्लेटवर ११ ॲम्पिअर. मोटार थेट डेल्टात उभ्याने चालू केली तर पहिल्या क्षणी सहा-सात पट, म्हणजे सत्तरच्या आसपास करंट ओढते. स्टारमध्ये लाईनचा करंट त्याच्या एक तृतीयांश होतो, पण मोटारीची ताकदही एक तृतीयांशच उरते. माझ्या लेथला क्लच नाही, मोटारीबरोबर तो भला मोठा चक (काम पकडणारा भाग) आणि सगळे गिअर फिरवावे लागतात. त्याला वेग घ्यायला सहा-सात सेकंद लागत होते आणि टायमर होता दोन सेकंदांवर. अर्ध्या वेगातली मोटार डेल्टात ढकलली की वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरचा काटा साठ-सत्तरवर उडायचा. स्टार-डेल्टा लावून काही उपयोगच नव्हता.

आणि एमसीबीवर बारीक अक्षरात छापलेलं होतं: बी २०. बी प्रकारची एमसीबी तिच्या आकड्याच्या तीन ते पाच पटीला झटक्यात पडते, म्हणजे इथे ६० ते १०० ॲम्पिअर. आमचा झटका नेमका त्या हद्दीवर, म्हणून कधी पडायची, कधी नाही. ती दिव्यांच्या लाईनसाठी ठीक. मोटारीला सी, म्हणजे पाच ते दहा पट, आणि फारच जड सुरुवात असेल तर डी, दहा ते वीस पट. आम्ही टायमर आठ सेकंदांवर नेला आणि वीसचीच, पण सी प्रकारची एमसीबी बसवली. मेन बंद करून, लायसन्सवाल्या वायरमनकडूनच. मोटार बराच वेळ जादा करंट ओढू लागली की ती बंद करणारा ओव्हरलोड रिलेही तपासला. तो डेल्टाच्या आतल्या बाजूला असल्याने पूर्ण ११ वर नाही, त्याच्या ५८ टक्क्यांवर, म्हणजे ६.४ वर ठेवावा लागतो. आधीच्या कुणीतरी तो अकरावर ठेवला होता. म्हणजे तीनपैकी एक फेज गेली असती तर वायंडिंग जळेपर्यंत काही कळलं नसतं. मला यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटते.

डिसेंबरात वेगळाच प्रकार. आता एमसीबी पडायची ती मोटार बराच वेळ गुरगुरल्यावर. हा झटका नव्हे, उष्णतेचं ट्रिपिंग, म्हणजे जादा करंट बराच वेळ वाहिल्याने एमसीबी आतून तापून पडणं. थंडीत गिअर ऑइल घट्ट झालेलं, त्यात चालू होताना मोटारीच्या टर्मिनलवर ३६० व्होल्टच मिळत होते. ४१५ च्या जागी ३६० आले की मोटारीची ताकद पाऊण होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. शोधत गेलो तेव्हा एका जॉइंटवरचा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) काळा पडलेला, इन्सुलेशन वितळून चिकटलेलं. लाईन चार स्क्वेअरची टाकली, लग नवे क्रिंप केले. सकाळी आधी हेडस्टॉक न्यूट्रलला ठेवून मोटार थोडा वेळ चालवायची आणि मोटार बंद करूनच गिअर टाकायचा, हे टर्नरलाही सांगून ठेवलं.

पावसाळ्यात मात्र एमसीबी जागेवर आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडली, तर स्टार्टरला हात लावू नका. तो करंट जमिनीत गळतोय. मोटार सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, वायंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये तपासा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर ती आधी वायंडरकडे सुकवायला द्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर जुन्या बाजारातून मोटार घेणाऱ्यांनी तर पैसे देण्याआधीच मेगर लावून बघावा.