पद्मिनीचा तळ

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या आळीत शिरलं आणि बाबांची पद्मिनी गाडी स्टीअरिंगपर्यंत बुडाली. नंतर इंजिन उघडून घेतलं, सीटा उन्हात टाकल्या. रबरी मॅटखालचं फेल्ट, म्हणजे जाड नमद्यासारखं अस्तर, मात्र तसंच राहिलं. आळस, दुसरं काय! गेल्या दिवाळीत आई पुढे बसली आणि म्हणाली, "अगो, खालून वारा लागतोय."

मॅट उचलली. स्क्रूड्रायव्हर टोचला तर पापडात जावा तसा आत गेला. त्यात पूर्वी कुणा गॅरेजवाल्याने गंजावरच पत्र्याचं ठिगळ मारून वरून डांबर फासलेलं. आतला गंज मजेत वाढत होता.

दादा गेट-ग्रिलची कामं करतो. गाडीचा पत्रा त्याने कधी जोडला नव्हता. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; तळच गाडी पेलतो. म्हणून कापायच्या आधी त्याने दोन्ही दारांच्या चौकटीत आडवा चौकोनी पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवला. एका वेळी एकच बाजू कापायची, आणि दर थोड्या वेळाने दार लावून बघायचं. दार बसेना झालं की समजायचं, बॉडी खचली.

दुकानदार जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा गळ्यात मारत होता. वेल्डिंग करताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरते, हे दादाने एकदा भोगलंय. त्यामुळे 18 गेजचा साधा काळा पत्रा आणला, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. पुठ्ठ्याचा नमुना मी कापला.

नेहमीच्या रॉडच्या वेल्डिंग मशीनवर पहिल्याच रॉडला पत्र्याला भोक पडलं. मग सीओटू मशीन भाड्याने आणलं; त्यात रॉडऐवजी बारीक तार वितळते आणि भोवती कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. तार 0.8 मिलिमीटरची. त्यावरही सरळ रेघ ओढायची सोय नाही. पत्रा तापून पोह्याच्या पापडासारखा वळतो. एक टाका इथे, पुढचा समोरच्या कोपऱ्यात, हात लावून गार झाला का बघायचं, मग मधल्या जागा भरायच्या. जिथे जुना पत्रा पातळ होता तिथे मी खालून तांब्याची पट्टी दाबून धरायचे. तांब्याला वेल्ड चिकटत नाही, भोक भरून येतं. ती पट्टी एका गळक्या कळशीची. "देवघरातली नव्हे ना?" आईने दोनदा विचारलं.

पेट्रोलची टाकी आधीच काढून परसात ठेवली होती. बॅटरीही काढलेली. तरी एकदा राहिलेल्या फेल्टने धूर धरलाच. ओलं गोणपाट हाताशी होतं म्हणून निभावलं.

चार रविवार गेले. प्रायमर, सांध्यांना सीलंट, खालून अंडरकोटिंग. मग दादाने ऐटीत गाडीवर पाण्याचा पाइप सोडला. मी आत टॉर्च घेऊन बसलेले. खालून एक थेंब नाही. समोरच्या काचेच्या रबरातून मात्र पाणी ओघळलं आणि नव्या कोऱ्या तळावर साचून राहिलं.