तुम्ही विचारलंत म्हणून: नॉन-लीगच्या अवे मॅचला कसं जायचं?

इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींशी फुटबॉलवर बोलणं निघालं की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच. प्रीमियर लीगचं तिकीट मेंबरशिप काढूनही हाती लागत नाही, लागलं तर परवडत नाही. मग खालच्या लीगची मॅच बघायची, तीसुद्धा आपल्या क्लबच्या मागे परगावी जाऊन, तर काय काय करावं लागतं? आणि एवढा खटाटोप करण्यासारखं त्यात काही आहे का?

आहे, भरपूर आहे. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की करा. मॅच होणारच असं धरून प्रवास आखू नका. ती दुपारी दीड वाजतासुद्धा रद्द होऊ शकते असं धरून आखा. गाडीचं तिकीट कुठलं काढायचं, घरातून कधी निघायचं, जानेवारीत कुठलं मैदान निवडायचं, हे मग आपोआप ठरत जातं.

नॉन-लीग या शब्दाचा घोळ आधी मिटवू. इंग्लंडच्या वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत: प्रीमियर लीगचे २० आणि खालच्या तीन विभागांत प्रत्येकी २४. त्याखालचं सगळं नॉन-लीग. लीग तिथेही असतात, उतरंडीसारख्या एकाखाली एक, आणि प्रत्येक थराला स्टेप म्हणतात. नॅशनल लीग म्हणजे स्टेप १, नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ स्टेप २, मग स्टेप ३ ला चार विभाग: नॉर्दर्न प्रीमियर, इस्थमियन आणि सदर्न लीगचे दोन. तिथून खाली पसारा वाढत गावागावांपर्यंत जातो. पूर्वी त्या ९२ मध्ये जायचं तर मतदान जिंकावं लागे. १९८७ मध्ये पहिल्यांदा नुसत्या गुणांच्या जोरावर स्कारबरो वर गेला आणि लिंकन सिटी खाली आला.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा तालीम ही फुटबॉलची लढत बघितलेल्या माणसाला हे वातावरण फार समजावून सांगावं लागत नाही. नॉन-लीगचे खेळाडू गावातलेच असतात असं मात्र नाही. स्टेप ३-४ ला बहुतेक जण दिवसा नोकरी करतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी खेळतात.

उदाहरणादाखल एकच प्रवास घेऊ: लंडनच्या डलविच हॅम्लेटच्या पाठीराख्यांबरोबर ससेक्समधल्या लुईसला. २०२४-२५ च्या मोसमात दोन्ही क्लब इस्थमियन प्रीमियरमध्ये होते. पहिल्या अवे मॅचसाठी याहून सोपी जागा मला सुचत नाही. लंडन व्हिक्टोरियाहून थेट गाडी, तास-सव्वा तासाचा प्रवास, आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत मैदान.

इतर ठिकाणी इतकं सरळ नसतं, म्हणून मैदानाचा पत्ता क्लबच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. क्लबच्या नावावर भरवसा ठेवून निघालेला माणूस हमखास चुकतो. वील्डस्टोनचं मैदान रायस्लिपमध्ये आहे. हेंडन किंग्जबरीत खेळतो. १८५७ साली स्थापन झालेला, जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब म्हणून ओळखला जाणारा शेफील्ड एफसी शेफील्डबाहेर ड्रॉनफील्डला खेळत आला आहे. ॲश्टन-अंडर-लाइन या एकाच गावात ॲश्टन युनायटेड आणि कर्झन ॲश्टन असे दोन क्लब आहेत, दोघांची मैदानं वेगळी. शिवाय भाड्याच्या मैदानावर दिवस काढणारे क्लब असतातच. खुद्द डलविच हॅम्लेट २०१८ मध्ये कित्येक महिने टूटिंग अँड मिचमच्या मैदानावर खेळत होता. रिक्रिएशन ग्राउंड नावाची मैदानं तर गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे नकाशात नाव टाकू नका, पोस्टकोड टाका.

तारीखही दोनदा तपासा, एकदा तिकीट काढताना आणि एकदा त्या आठवड्याच्या बुधवारी. दोघांपैकी एक क्लब एफए कप किंवा एफए ट्रॉफी या बाद पद्धतीच्या स्पर्धांत पुढे सरकला की शनिवारची लीगची मॅच उचलून मंगळवारी रात्री पावणेआठला टाकतात. लंडनहून लुईस मंगळवारीही जमतं. पण लांबच्या गावाहून रात्री साडेनऊनंतर परतीची गाडी नसते, आणि मैदानातून ऐंशीव्या मिनिटाला निघावं लागतं.

आता गाडीचं तिकीट. ॲडव्हान्स तिकीट स्वस्त दिसतं, पण ते एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. मॅच रद्द झाली, लांबली किंवा दुसरीकडे जावंसं वाटलं तर ते अंगाशी येतं. शनिवारसाठी ऑफ-पीक रिटर्न, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारं जाण्या-येण्याचं तिकीट घ्या, म्हणजे परतताना कुठलीही गाडी चालते. १६-२५ रेलकार्ड असेल तर भाडं एक तृतीयांशाने कमी होतं, आणि पंचविशी उलटलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही ते काढता येतं. तीन ते नऊ जण एकत्र जाणार असाल तर ग्रुपसेव्हमध्ये जवळपास तेवढीच सूट कार्डाशिवाय मिळते, अर्थात ती देणाऱ्या रेल्वे कंपनीच्या मार्गावर. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बस देतात. असं असेल तर प्रवासाला आणखी एक तास धरा. जिथे रेल्वे जात नाही तिथे सपोर्टर्स कोच, म्हणजे पाठीराख्यांना नेणारी बस, सगळ्यात बरा. भाडं वाजवी असतं, आणि मॅच रद्द झाल्याची बातमी कोचला तुमच्याआधी कळते.

नवख्यांना सगळ्यात कमी ठाऊक असतं ते मैदानाच्या तपासणीचं. पाऊस किंवा थंडी पडली असेल तर सकाळी जवळपासचा एखादा रेफरी येऊन मैदान बघून जातो. पण शेवटचा शब्द मॅचच्या रेफरीचा, आणि तो दुपारी येतो. पावसानंतर तो चेंडू कमरेच्या उंचीवरून सोडतो. चेंडू उसळला नाही, नुसता थप्पकन बसला, तर पहिली शंका. मग तो गवतावरून ढकलून बघतो. पाण्याचा फवारा उडवत चेंडू दोन-तीन मीटरवर थांबला तर बहुतेक खेळ संपला. सगळ्यात आधी गोलसमोरची जागा जाते, कारण तिथलं गवत तुडवून गेलेलं असतं आणि माती दबून घट्ट झालेली असते. ग्राउंड्समन बागकामाचा मोठा काटा खुपसून भोकं पाडतो, पाणी खाली उतरावं म्हणून, पण खालची चिकणमाती आधीच भरलेली असेल तर ते वरच साचून राहतं.

गोठलेल्या मैदानाची गंमत वेगळी. अकरा वाजता ऊन पडतं, तीन चतुर्थांश मैदान मऊ होतं, आणि स्टँडच्या सावलीतला एक पट्टा दगडासारखा कडक राहतो. तेवढ्या पट्ट्यासाठी मॅच रद्द होते, आणि ते योग्यच आहे, कारण पळता पळता मऊवरून कडक जमिनीवर पाय पडला की गुडघा जातो. धुक्यात रेफरी मध्यरेषेवर उभा राहून दोन्ही गोल दिसतात का ते बघतो.

म्हणून निघण्यापूर्वी, आणि गाडी बदलताना पुन्हा, यजमान क्लबचं सोशल मीडिया खातं उघडा. पाहुण्या क्लबचं नव्हे, कारण बातमी आधी यजमानांकडे येते. डिसेंबर ते फेब्रुवारीत धोका नको असेल तर थ्रीजी, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान असलेला क्लब निवडा. मेडस्टोन युनायटेड आणि वर्दिंग ही दक्षिणेतली दोन नावं. नॉन-लीगमध्ये असं मैदान चालतं, वरच्या चार विभागांत चालत नव्हतं. त्यामुळे हॅरोगेट टाउनला २०२०, सटन युनायटेडला २०२१ आणि ब्रॉमलीला २०२४ च्या बढतीनंतर चांगलं चाललेलं मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं.

मॅच तीनची असेल तर दीडला पोहोचा. स्टेप ३-४ ला आत जायला साधारण १० ते १५ पौंड लागतात, त्याखाली कमी, नॅशनल लीगला २० च्या आसपास. विद्यार्थ्यांना सवलत असते, कार्ड जवळ ठेवा. बहुतेक ठिकाणी बँकेचं कार्ड चालतं, तरी २० पौंड रोख असू द्या. प्रोग्राम, म्हणजे सामन्याची माहितीपुस्तिका, काही क्लब अजून छापतात, काहींचा फक्त फोनवर असतो. छापील असेल तर लवकर संपतो. दारापाशी कुणीतरी गोल्डन गोलची बंद चिठ्ठी विकत असतं. आत एक मिनिट छापलेलं असतं, पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस. फिफ्टी-फिफ्टी नावाच्या सोडतीत जमलेल्या पैशांपैकी निम्मे विजेत्याला, निम्मे क्लबला. या चिठ्ठ्या जरूर घ्या. या थराला टीव्हीचा पैसा नावापुरताच, त्यामुळे दारावरची जमा, बार आणि चहाची खिडकी यांवर खेळाडूंचा आठवड्याचा पगार निघतो.

चहाच्या खिडकीबद्दल शाकाहारी मंडळींनी नीट वाचावं. बोव्हरिल हे गरम, तपकिरी पेय सूपसारखं दिसतं, पण ते गोमांसाच्या अर्काचं असतं. चिप्स तर बटाट्याच्याच, पण उत्तरेत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, त्या गाईच्या चरबीत, म्हणजे ड्रिपिंगमध्ये, तळायची पद्धत आहे. ‘तेलात तळता की ड्रिपिंगमध्ये?’ असं सरळ विचारा, कुणालाही वाईट वाटत नाही. पाय (pie, सारण भरून भाजलेला खाद्यपदार्थ) संपण्याआधी, म्हणजे हाफटाइमच्या पाच मिनिटं आधी, रांगेत उभं राहा. चीज-कांद्याचा पाय सगळ्यात आधी संपतो. नेल्सवर्थला फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सकडे गेलात तर ही चिंताच नाही. तिथे २०१५ पासून मैदानावरचं सगळं खाणं व्हीगन आहे.

लुईसच्या मैदानाला ड्रिपिंग पॅन म्हणतात. क्लब तिथे १८८५ पासून आहे. मैदान खोलगट, भोवती गवताचे उंच बांध, आणि पलीकडे खडूच्या पांढऱ्या टेकड्या. बांधावरून संपूर्ण खेळ नकाशासारखा दिसतो, पण पाऊस झाला असेल तर तो बांध घसरडा होतो, म्हणून तळाला खाचा असलेले बूट घाला. थंडीत काँक्रीटच्या पायऱ्यांवर उभं राहणार असाल तर दोन मोजे आणि पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा. गारठा जमिनीतून वर चढतो, जाड जॅकेटने तो थांबत नाही. डिसेंबरात चारलाच सूर्य मावळतो, उत्तरार्ध पूर्ण दिव्यांखाली होतो. याच क्लबने २०१७ मध्ये पुरुष आणि महिला संघांवर सारखा पैसा खर्च करायचं ठरवलं, त्यामुळे रविवारची महिलांची मॅचही त्याच मैदानावर, त्याच मायेने बघता येते.

बहुतेक मैदानांवर दोन्हीकडचे लोक मिसळून उभे असतात. डलविचचा गुलाबी-निळा मफलर घालून लुईसच्या बारमध्ये खुशाल जा. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतो त्यामागे उभं राहायची रीत आहे, म्हणून हाफटाइमला दोन्ही गट मैदानाला वळसा घालून जागा बदलतात आणि वाटेत एकमेकांना भेटतात. नाणेफेक जिंकलेल्या कर्णधाराने बाजू बदलली तर ही वारी खेळ सुरू व्हायच्या आधीच निघते. बिअर हातात घेऊन खेळ बघायला स्टेप २ पासून खाली मुभा आहे, प्लास्टिकच्या ग्लासातून. नॅशनल लीग आणि वरच्या क्लबांच्या सामन्यांना १९८५ चा कायदा लागतो, तिथे मैदान दिसेल अशा जागी दारू चालत नाही. सराव चालू असताना गोलमागे फोनमध्ये डोकं घालून उभं राहू नका. चेंडू जोरात येतो आणि मध्ये जाळी नसते.

रंगावरून, वंशावरून कुणी बोललं तर ते सोसून घ्यायचं कारण नाही. वेळ आणि उभं असलेली जागा लक्षात ठेवा, लगेच स्टुअर्डला, म्हणजे मैदानावरची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला सांगा, आणि फुटबॉलमधल्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या किक इट आउट या संस्थेकडे तक्रार नोंदवा. शंभर-दोनशे माणसांत कोण बोललं ते सगळ्यांना दिसलेलं असतं, त्यामुळे दखल घेणं इथे मोठ्या स्टेडियमपेक्षा सोपं जातं.

आणि मॅच खरंच रद्द झाली तर? त्यासाठी निघण्यापूर्वीच जवळच्या दोन मैदानांची नावं लिहून ठेवा, त्या दिवशी तिथे घरची मॅच आहे का ते बघून. फुटबॉलॉजी ॲपमध्ये आसपासचे सामने नकाशावर दिसतात. लुईसचं मैदान पाण्याखाली गेल्याचं सव्वाला कळलं तर स्टेशनात परत या, ब्रायटनची गाडी पकडा, तिथे बदलून वर्दिंगला जा. मैदान कृत्रिम गवताचं, त्यामुळे त्या पावसात तिथे खेळ होण्याची शक्यता पुष्कळ. नकाशा आधीच बघून ठेवला असेल तर तीनच्या आत तुम्ही तिथल्या गोलमागे उभे असाल.