तक्रार नेमकी कुठं टाकायची?

आमच्या आर्वी तालुक्यात मे-जूनमध्ये पीककर्जाची धावपळ असते. सातबारा, आठ-अ काढायला माझ्या सेवा केंद्रात आलेली माणसं हळू आवाजात सांगतात, अमक्यानं पैसे मागितले. आणि म्हणतात, "ताई, दिल्लीले लोकपालकडं टाकून द्या न तक्रार."

लोकपाल ही भ्रष्टाचाराच्या तक्रारी बघणारी केंद्राची संस्था, तिच्या कक्षेत केंद्राची माणसं येतात. काही विषय वगळून पंतप्रधान, मग मंत्री, खासदार, केंद्राचे कर्मचारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा मॅनेजरसुद्धा. तलाठी, ग्रामसेवक राज्याचे. त्यांच्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, फोन १०६४. शिवाय राज्याचे लोकायुक्त, ज्यांचा कायदा महाराष्ट्रानं १९७१ मध्येच केला.

लोकपाल म्हणजे एकटा माणूस नाही. एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त आठ सदस्य, त्यातले निम्मे न्यायिक. तक्रार दाखल करून घेतली की प्राथमिक चौकशी होते, ती साधारण ९० दिवसांत संपावी असं कायदा म्हणतो.

मला चीड येते ती मधल्या रिकाम्या वर्षांची. २०११ मध्ये लोकपालासाठी अण्णा हजारेंनी उपोषण केलं त्या वेळी आमच्या गावातली पोरं टोप्या घालून फिरली होती. लोकपाल कायदा १६ जानेवारी २०१४ ला लागू झाला आणि लोकपालाचे पहिले अध्यक्ष, न्या. पिनाकी चंद्र घोष, आले मार्च २०१९ मध्ये. निवड समितीत लोकसभेचा विरोधी पक्षनेता लागतो, आणि तेव्हा मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता, असं कारण दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं की तेवढ्यासाठी नेमणूक अडत नाही. तरी आणखी दोन वर्षं गेली. लोकांचा विश्वास याच काळात विटला.

आता भीतीचं. खोटी तक्रार केली तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, हे ऐकून लोक उठून जातात. पण सद्‌भावनेनं केलेल्या तक्रारीला ही शिक्षा लागू नाही, हे त्यांना कुणी सांगतच नाही. निनावी अर्ज चालत नाही, शपथपत्र जोडावं लागतं, हे खरं. मात्र चौकशी संपेपर्यंत तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवायची असते.

आणि मुदत. लोकपालाकडे घटनेपासून सात वर्षांच्या आत जाता येतं. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवलं तरच सुटका. लोक माझ्याकडे येतात पैसे देऊन महिने उलटल्यावर.

म्हणून विनंती, मागणी झाली त्याच दिवशी या, पैसे देण्याआधी. कोणी, कुठं, कधी, किती मागितले ते कागदावर लिहून आणा. लोकपाल मराठीतली तक्रारही विचारात घेऊ शकतात. शपथपत्राचा मजकूर मी टाइप करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.