काळा समुद्र, पांढरा समुद्र

आम्हा रत्नागिरीकरांचे समुद्र दोन. रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीचा काळा, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा पांढरा. नावं वाळूच्या रंगावरून पडली.

मला मात्र ओढ थिबा राजवाड्याची. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा इथे नजरकैदेत आला. १९१६ मध्ये तो इथेच वारला, परत गेलाच नाही. त्या गॅलरीतून भाट्याची खाडी बघताना त्याला काय वाटत असेल, हा विचार मला दर वेळी छळतो.

टिळकांचा जन्म इथलाच, १८५६ चा. गावाचं पोट मात्र हापूस आणि मासळीवर. पावसाळी मासेमारी बंदी उठली की मिरकरवाडा बंदरात पहाटे उभं राहायलाही जागा नसते. बांगडा घ्यावा तर तेव्हाच.